तिसरी सुलोचना कुणाची?

परवा जेवताना मी सहज म्हटलं की सुलोचना पुण्याची होती, तर आत्या लगेच म्हणाली, "काहीतरीच काय, दीदी कोल्हापूरकडच्या." त्यावर काका म्हणाला, "अगं तो लावणीवाल्या सुलोचनाबाईंचं बोलत असेल, पण त्या तर मुंबईच्या." दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. सुलोचना लाटकर म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राची पडद्यावरची आई आणि सुलोचना चव्हाण म्हणजे लावणीचा आवाज, या दोन सुलोचना आपल्याला तोंडपाठ आहेत. मी बोलत होतो ती तिसरी, म्हणजे काळाच्या हिशेबाने बघितलं तर पहिली.

रूबी मायर्स. जन्म १९०७, पुणे. बगदादी ज्यू. पडद्यावरचं नाव सुलोचना. मूकपटांच्या काळात हिंदुस्थानातल्या सगळ्यात मोठ्या स्टार्समध्ये तिचं नाव यायचं आणि मी हे उगाच पुणेरी अभिमानाने वगैरे म्हणत नाहीये, सिनेमाच्या इतिहासाचं कुठलंही बरं पुस्तक उघडा, ती आहेच. फक्त मराठीत नाही. मराठीत सिनेमाचा इतिहास म्हटला की फाळके, मग बाबूराव पेंटर, मग प्रभात, आणि या तिघांच्या मधे मुंबईत जे शेकडो मूकपट निघाले ते सगळे "हिंदीवाल्यांचे" म्हणून आपण बाजूला सारतो. माझं भांडण याच्याशीच आहे. मूकपटाला भाषाच नव्हती, मग तो हिंदीवाल्यांचा झाला कधी?

आधी तिची गोष्ट सांगतो, कारण वाद घालायचा तर जिच्यावरून घालतोय ती माणूस म्हणून समोर हवी.

रूबी मायर्स टेलिफोन ऑपरेटर होती. म्हणजे त्या काळी नंबर फिरवून फोन लागत नसे, एक्स्चेंजमधली बाई तुमची तार समोरच्याच्या तारेला जोडून द्यायची, ते काम. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला सिनेमात ये म्हणून विचारलं आणि तिने सरळ नाही म्हणून सांगितलं. कारण उघड आहे, सिनेमातली बाई म्हणजे कसली बाई हे तेव्हाच्या समाजाने ठरवूनच टाकलेलं होतं आणि तिच्या हातात एक व्यवस्थित नोकरी होती. भवनानी मागे लागले, शेवटी ती तयार झाली, अभिनयाचा अ माहीत नसताना. १९२५ ला 'वीर बाला' आला, आणि १९२६ या एकाच वर्षात 'सिनेमा क्वीन', 'टायपिस्ट गर्ल' आणि 'टेलिफोन गर्ल'.

इथे जरा थांबा. टायपिस्ट, टेलिफोन ऑपरेटर. १९२६ साल आहे. देवळातली सती-सावित्री नाही, राजवाड्यातली राणी नाही, सकाळी उठून कामावर जाणारी आणि महिन्याला पगार घेणारी पोरगी ही सिनेमाची हिरॉइन. नोकरदार बाई मराठी नाटक-सिनेमात कधी आली यावर आपल्याकडे किती लिहिलं गेलंय, पण ती मुंबईच्या पडद्यावर बोलपट यायच्या पाच वर्षं आधीच होती, आणि 'टेलिफोन गर्ल'चं काम करणारी बाई खरोखर टेलिफोनवर बसलेली होती. याला वास्तववाद म्हणा किंवा पब्लिसिटीची हुशारी म्हणा, मला विचाराल तर दोन्ही.

मग १९२७ चा 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'. यात तिने आठ रोल केले. त्यात माळी होता, पोलीस होता, एक हैदराबादी सद्गृहस्थ होता, रस्त्यावरचं उनाड पोरगं होतं, केळी विकणारी होती आणि सोनेरी केसांची गोरी मड्डमसुद्धा होती. आता हे फाळक्यांच्या गोष्टीशेजारी ठेवून बघा. १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामतीचं काम करायला एकही बाई मिळेना म्हणून ग्रँट रोडच्या एका हॉटेलातला अण्णा साळुंके नावाचा पोरगा तारामती झाला, हे आपण शाळेपासून ऐकलंय आणि दर वेळी हसतो. त्यानंतर फक्त चौदा वर्षांनी त्याच मुंबईत एक बाई पडद्यावर पोलीस आणि हैदराबादी नबाबी थाटाचा पुरुष होऊन हिंडते. पुरुषाने साडी नेसल्याचा किस्सा प्रत्येकाला माहीत, बाईने पोलिसाचे कपडे घातल्याचा कुणालाच नाही. आणि खरं सांगू का, पहिल्या किश्श्यात नाइलाज होता, दुसऱ्यात हौस आणि हिंमत होती. मग लक्षात राहायला काय हवं होतं?

याच सुमारास ती अर्देशीर इराणींच्या इंपीरियल कंपनीत आली. 'माधुरी', 'अनारकली' दोन्ही १९२८ चे, 'इंदिरा बी.ए.' १९२९ चा. 'माधुरी'तला तिचा एक नाच तर इतका गाजला की गांधीजींच्या हस्ते झालेल्या खादी प्रदर्शनाच्या उद्घाटनाची छोटी फिल्म निघाली तेव्हा त्या फिल्मला हा नाच साउंडसकट जोडून दाखवला. ज्या गांधीजींनी सिनेमाने केलेलं वाईट उघड दिसतंय असं सरकारच्या चौकशी समितीला लिहून कळवलेलं, त्यांच्या खादीच्या फिल्मला गर्दी खेचायला रूबी मायर्सचा नाच. असो, तो वेगळा विषय आहे.

आता तिच्याबद्दल ज्या दोन गोष्टी सगळीकडे कॉपी-पेस्ट होत फिरतात त्यांच्याकडे येऊ. पहिली म्हणजे तिला महिना पाच हजार रुपये मिळायचे आणि हा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त होता. दुसरी म्हणजे बोलपट आले, तिला हिंदुस्थानी बोलता येत नव्हतं, आणि तिची कारकीर्द संपली.

गव्हर्नरच्या किश्श्याबद्दल माझी तक्रार अशी की तो नेहमी आश्चर्य म्हणून सांगितला जातो. बघा, एक नटी, आणि लाटसाहेबापेक्षा जास्त पगार! यात कौतुकापेक्षा डोळे विस्फारणं जास्त आहे. इंपीरियल ही काही धर्मादाय संस्था नव्हती. तिच्या नावावर तिकिटं खपत होती म्हणून पैसे मिळत होते. तिच्या नावावर थिएटर कसं भरायचं, लोक नेमकं काय बघायला यायचे, याबद्दल कुणी एक ओळ लिहीत नाही, पगार आणि तिची शेवरोले गाडी एवढंच सांगून मोकळे होतात. कामगाराबद्दल लिहिताना आपण काम सांगतो, नटीबद्दल लिहिताना कमाई.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर, कारण ती अर्धीच खरी आहे. हो, तिची हिंदुस्थानी कच्ची होती, आणि १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिक सिनेमात इंपीरियलचाच 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, लागला तेव्हा कंपनीची सगळ्यात मोठी स्टार असूनही हिरॉइन ती नव्हती, जुबेदा होती. पण मग तिने काय केलं? वर्षभर काम बाजूला ठेवून भाषा शिकली. आणि १९३२ ला परत आली ती 'माधुरी'चाच बोलपट घेऊन. मग १९३३ ला थेट स्वतःच्या नावाचा सिनेमा, 'सुलोचना'. १९३४ ला 'इंदिरा एम.ए.', म्हणजे मूकपटातली इंदिरा बी.ए. होती, बोलपटात येईपर्यंत पोरगी एम.ए. झाली, हे मला फार आवडतं. १९३५ ला परत 'अनारकली'. १९३६ ला 'बंबई की बिल्ली', म्हणजे तोच वाइल्डकॅट. आपलेच जुने हिट एकेक करून बोलते केले तिने. डी. बिलिमोरिया या हिरोबरोबरची जोडी १९३९ पर्यंत चालली. मधेच रूबी पिक्स नावाची स्वतःची कंपनी पण काढली.

आता साधी वजाबाकी करा. मूकपटात १९२५ ते १९३१, सहा वर्षं. बोलपटात हिरॉइन म्हणून १९३२ ते १९३९, सात वर्षं. म्हणजे जिला आवाजाने संपवलं असं सांगतात ती आवाज आल्यावर आधीपेक्षा जास्त वर्षं टिकली! एवढी उघड गोष्ट असताना ही दंतकथा चालू का राहते, तर ती सोयीची आहे. मशीन आलं, नटी गेली, कुणाचाच दोष नाही. इंपीरियल १९३८ ला बंद पडली, ज्या कंपनीच्या छत्राखाली ती दहा वर्षं होती ते छत्रच गेलं, बिलिमोरियाशी फाटलं, तिशी उलटली, हे सगळं एकदम झालं. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर बिलिमोरियाचीही गाडी त्यानंतर उतारालाच लागली, त्यामुळे फक्त बाई होती म्हणून संपली असंही मी म्हणणार नाही. गोहर मामाजीवाला तिच्याच काळातली, पण ती चंदुलाल शहांबरोबर रणजित स्टुडिओत भागीदार होती, त्यामुळे पडद्यावरून उतरल्यावरही तिचं स्थान राहिलं. फरक मालकीचा होता, आवाजाचा नाही. हे एवढं जरी आपण नीट सांगितलं तरी बरंच झालं.

वयाबद्दल मात्र एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९४७ च्या 'जुगनू'त तिचा रोल होता, आणि मुंबई सरकारने तो सिनेमा बंद केला, मोरारजी देसाई गृहमंत्री होते. आक्षेपाचं एक कारण असं सांगितलं जातं की त्यात वय झालेला प्रोफेसर तिच्यावर भाळतो. ती तेव्हा चाळीस वर्षांची! चाळिशीतल्या बाईवर कुणी प्रेम केलं तर समाजाची नीती बुडते. आणि मग १९५३ ला 'अनारकली' परत एकदा आला, बीना रायचा, त्यात सुलोचना होती, सलीमची आई म्हणून. १९२८ ला ती अनारकली, १९३५ ला तीच अनारकली, १९५३ ला अनारकलीला सून करून घ्यायला तयार नसलेल्या घरातली बाई. याच्या शेजारी पृथ्वीराज कपूरना ठेवा, तिच्यापेक्षा एखादं वर्ष मोठे, तेही मूकपटातून आलेले. वय झाल्यावर त्यांना अकबर मिळाला, सगळ्या सिनेमाला पुरून उरणारा. तिला त्याच कहाणीत बाजूला उभं राहायला मिळालं.

बरं, आता मूळ मुद्दा. ती कुणाची?

मूकपटात बोलणं नव्हतं, पाट्या होत्या. एकाच सिनेमाच्या पाट्या दोन-तीन-चार भाषांत यायच्या, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी थिएटरात कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं. म्हणजे दादरच्या प्रेक्षकासाठी सुलोचना मराठीत बोलत होती, सुरतेच्या प्रेक्षकासाठी गुजरातीत, लाहोरच्या प्रेक्षकासाठी उर्दूत. तीच बाई, तेच ओठ. मराठी, गुजराती, हिंदी असं सिनेमाचं वाटप १९३१ नंतर झालं, आणि मग आपण ते वाटप मागच्या तारखेने आधीच्या अठरा वर्षांनाही लावून टाकलं, जशी वडिलोपार्जित जमीन वाटून घ्यावी तशी. 'राजा हरिश्चंद्र' आपल्या वाट्याला आला. का, तर करणारे मराठी होते. ठीक आहे, मान्य, मलाही अभिमान आहे. मग करणाऱ्यावरून ठरवायचं असेल तर पुण्यात जन्मलेली, आयुष्यभर मुंबईत काम केलेली आणि मुंबईतच गेलेली रूबी मायर्स कुणाच्या वाट्याची? तर कुणाच्याच नाही. मराठी म्हणणार ती मराठी नाही. हिंदीवाले म्हणणार तिला हिंदी तरी कुठे यायचं. ज्यू समाज इथून बराचसा निघून गेला. तिच्या नावाने जयंती करायला कुणाची ज्ञाती उभी नाही.

आणि नाव तरी कुठे तिचं राहिलं. त्या काळात ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुली मोठ्या संख्येने सिनेमात होत्या, कारण "चांगल्या घरातल्या" हिंदू-मुसलमान मुलींना बंदी होती, आणि यातल्या बहुतेकींना हिंदू नावं चिकटवली गेली. रेने स्मिथची सीता देवी झाली, आयरिस गॅस्परची सबिता देवी झाली, रूबी मायर्सची सुलोचना. प्रेक्षकाला आपली वाटावी म्हणून नाव बदललं, आणि आज तेच नाव तिच्या आड येतंय, कारण सुलोचना म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दुसरीच मूर्ती उभी राहते. (आत्ता लिहिता लिहिता लक्षात आलं, दीदींबद्दल बोलताना माझ्या तोंडी आपोआप "त्या" येतं आणि रूबीबद्दल "ती". मुद्दाम नाही केलेलं. पण येतं खरं.)

दुसरं असं की मराठीत नटीची आठवण राहते ती आत्मचरित्राने. दुर्गा खोटेंनी लिहिलं, हंसा वाडकरांनी लिहिलं, स्नेहप्रभा प्रधानांनी लिहिलं, आणि ही पुस्तकं आहेत म्हणून त्यांच्या काळाबद्दल आपल्याला बोलता येतं. यात त्यांचा मोठेपणा आहेच. पण जिने मराठीत लिहिलं नाही ती मराठीच्या आठवणीत नाही, हा न्याय जरा विचित्रच झाला ना. शिवाय दुर्गा खोटेंबद्दल एक वाक्य हमखास येतं, की त्यांच्यामुळे सिनेमाचं दार घरंदाज बायकांसाठी उघडलं. या वाक्यात चूक काही नाही, पण ते वाक्य आधीच्या सगळ्या बायकांना एका फटक्यात बिनघरंदाज करून टाकतं. दुर्गा खोटेंना सिनेमात पहिलं काम दिलं ते कुणी, तर मोहन भवनानींनीच, ज्यांनी सहा वर्षांपूर्वी टेलिफोनवरच्या मुलीला गळ घातली होती. १९१३ ला 'मोहिनी भस्मासुर'मधे दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई होत्या. १९२६ ला फातमा बेगमनी स्वतःची कंपनी काढून 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला, या देशातली पहिली स्त्री दिग्दर्शक. या सगळ्यांनी शिव्याशाप खाऊन रस्ता तुडवला तेव्हा कुठे मागून येणाऱ्यांसाठी तो चालण्यासारखा झाला. केरळात तर पी. के. रोझीचं काय झालं ते वाचा, दलित बाईने पडद्यावर नायर बाईचं काम केलं म्हणून लोकांनी तिला पळवून लावलं, परत कधी ती पडद्यावर दिसली नाही. तिला कामाला घेणाऱ्या जे. सी. डॅनियल यांच्या नावाने राज्याचा पुरस्कार आहे. तिची आठवण लोकांनी फार उशिरा, खणून काढल्यासारखी काढली.

'मोहिनी भस्मासुर'मधल्या त्या कमलाबाई, म्हणजे कमलाबाई गोखले, यांचं नाव आपल्याकडे टिकलं, कारण मागे चंद्रकांत गोखले होते, विक्रम गोखले होते. फाळक्यांच्या सिनेमांची जी रिळं हाती लागली त्यातली काही फाळक्यांच्या मुलांकडून मिळाली. म्हणजे आपल्याकडे सिनेमाची आठवण ठेवायचं काम घराण्याने करायचं असा अलिखित नियम आहे. ज्याला घराणं आहे तो राहतो. घराणं नसेल तर ज्ञाती, ज्ञाती नसेल तर भाषा, आणि यातलं काहीच नसेल तर मग ते काम सरकारी संस्थेचं असतं, नाहीतर त्या संस्था काढल्या कशाला?

आणि ती संस्था आहे कुठे? तिच्याच जन्मगावी. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यात आहे, लॉ कॉलेज रोडवर. आपल्याकडे तेराशेच्या वर मूकपट बनले आणि त्यातले आज तीसएक उरलेत, तेही बरेचसे तुकड्यातुकड्यांनी. 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' त्यात नाही. यात संग्रहालयाला दोष देण्यात अर्थ नाही, ते सुरू झालं तेव्हा मूकपट जाऊन तीस वर्षं झाली होती. ती जुनी फिल्म नायट्रेटची असायची, भुरकन पेटणारी, गोदामात ठेवायला कुणी धजायचं नाही, आणि तिच्यात चांदी असायची, त्यामुळे सिनेमा उतरला की कितीतरी रिळं चांदी काढायला गेली. संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी जन्मभर हिंडून जे मिळेल ते गोळा केलं म्हणून निदान तेवढं तरी आहे. त्यातही २००३ ला पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेटचा मोठा साठा जळाला.

लोक म्हणतील, मग संपलं की, सिनेमाच नाही तर रडून काय उपयोग. मला हे पटत नाही. २०२२ ला केंद्र सरकारने जुने सिनेमे दुरुस्त करायला ३६३ कोटी जाहीर केले, दोन हजारांवर सिनेमे आहेत त्या यादीत. चांगलं आहे. पण जो सिनेमा उरलाच नाही त्याची दुरुस्ती होत नाही, म्हणजे या पैशातून ज्यांचं आधीच काहीतरी शिल्लक आहे त्यांचंच आणखी चकचकीत होणार. ज्यांचं काहीच उरलं नाही त्यांच्यासाठी वेगळं काम लागतं. फोटो, जाहिराती, पाट्यांचे मजकूर, थिएटरात वाटायच्या पुस्तिका, वर्तमानपत्रांच्या फायली, सेन्सॉरचे कागद, आणि हो, त्या काळातल्या मराठी मासिकांत नटनट्यांबद्दल जे बरंवाईट छापून आलं ते सगळं. हे कागद आहेत, पुण्या-मुंबईच्या जुन्या वाचनालयांत अजूनही आहेत, आणि ते कुरतडले जातायत. एका सिनेमाच्या दुरुस्तीच्या खर्चात अशा किती फायली स्कॅन होतील याचा हिशेब कुणीतरी मांडावा. शिवाय रिळं अगदीच मिळत नाहीत असंही नाही. १९१९ चा 'बिल्वमंगल' कायमचा गेला असंच धरून चालले होते, त्याचा तुकडा फ्रान्समधल्या संग्रहालयात निघाला आणि २०१६ ला परत आला. तो परत आला कारण कुणीतरी विचारपूस करत होतं.

दुसरा आक्षेप येईल की तिला १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळालाय, अजून काय हवं. मिळाला, खरंय, आणि तो हक्काचाच होता. पण पुरस्काराने माणूस यादीत जातो, आठवणीत जातोच असं नाही. पुरस्कारानंतर दहा वर्षांनी, १९८३ च्या ऑक्टोबरात, ती मुंबईत गेली. योगायोग बघा, त्याच १९८३ चा फाळके पुरस्कार दुर्गा खोटेंचा. एकीची शंभर वर्षं झाली तेव्हा आपल्याकडे लेखांचा ढीग पडला, दुसरीची २००७ ला झाली तेव्हा मी पुण्यातच होतो आणि माझ्या कानावर तरी काही आलं नाही.

मी तिचा पुतळा उभारा म्हणत नाहीये, पुतळे आपल्याकडे पुरेसे आहेत आणि त्यावर कावळ्यांचीच सोय होते. पण शाळेच्या पुस्तकात फाळके आणि साळुंके येतात त्याच पानावर, तेरा ओळींत दोन ओळी वाढवून, चौदा वर्षांनी याच शहरात एका बाईने एका सिनेमात आठ सोंगं घेतली आणि ती पुण्यात जन्मली होती, एवढं लिहिता येईल की नाही? मराठी सिनेमाचा इतिहास लिहिताना १९३१ च्या आधीचा मुंबईचा सगळा सिनेमा हा सगळ्यांचा सामाईक म्हणून धरता येईल की नाही? गुजरात्यांनी धरला तर धरू दे, पारशांनी धरला तर धरू दे, सामाईक विहिरीवर सगळे पाणी भरतात.

असं बरंच काही मी त्या दिवशी जेवणानंतर आत्याला तावातावाने सांगितलं, ती भांडी आवरता आवरता ऐकत होती. मग मोबाइलवर रूबीचा फोटो दाखवला. तिने चष्मा वर करून नीट बघितला आणि म्हणाली, "दिसायला छानच होती की. आणि ही पोलीस झालेली?" म्हटलं हो, पोलीस, माळी, केळीवाली, सगळं.

"मग लाव की यूट्यूबवर," आत्या म्हणाली.